दोन नावांची एक बाई

कोल्हापूर स्टेशनवर मला निरोप द्यायला दोन घरची माणसं आली होती आणि ती मला दोन वेगवेगळ्या नावांनी हाका मारत होती. सासरची मंडळी डब्याच्या खिडकीशी उभी राहून ‘नलिनी, थंडीत जप’ म्हणत होती. माहेरच्या नेसरीहून पहिल्या एसटीने आलेले माझे वडील, आबा, थोडे मागे, डोक्यावरचा पटका सावरत उभे होते. गाडी हलली तेव्हा ते पुढे आले आणि ‘हौसा, पोचल्यावर कागद टाक’ एवढंच म्हणाले. त्यांच्या त्या हाकेने सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली, हे मी जाता जाता पाहिलं.

हौसा हे माझं जन्माचं नाव. त्याच नावाने मी शाळा शिकले आणि कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात नर्सिंगचा कोर्स केला. मग लग्न झालं, मंगळवार पेठेतल्या घरी तांदळाचं ताट पुढे आलं आणि ह्यांनी अंगठीने त्यात ‘नलिनी’ असं लिहिलं. नाव सासूबाईंनी निवडलेलं. हौसा हे नाव त्यांना शेणाच्या पाटीतलं वाटे. मला फारसं काही वाटलं नाही. आमच्याकडे प्रत्येकीचं नाव बदलतच होतं, त्यात वाईट काय वाटायचं? आबा मात्र ते नाव कधी तोंडातून काढत नसत. सासरी आले तर ‘आमची पोरगी कुठं हाय?’ असं विचारत.

आमचे हे कोल्हापुरात उद्यमनगरातल्या कारखान्यात टर्नर होते. ओळखीच्या एकाच्या आधाराने पाहुणे म्हणून कॅनडात गेले, आणि इथल्या ह्या पोलादाच्या शहरात लेथवर काम मिळाल्यावर मलाही बोलावून घेतलं. इथे कायमचं राहायचं तर गुण लागत. शिक्षणाला इतके, धंद्याला इतके, भाषेला इतके. शाळा सुटून इतकी वर्षं झाली तरी गुणांनी आमची पाठ सोडली नव्हती. ह्यांचे गुण थोडक्यात कमी पडले. राहण्याची मुदतही संपत आली होती. ती संपली की लेथ, भाड्याची खोली, सगळं सोडून परत जायचं. उद्यमनगरातली जागा केव्हाच दुसऱ्याला गेली होती.

वरच्या मजल्यावर एक सरदारजी राहत. दहा-बारा जणांचे कागद त्यांनी मार्गी लावले होते. आमची कुंडली ऐकून ते म्हणाले की अर्ज बायकोच्या नावाने करा, नर्सेसची इथे चणचण आहे. ह्यांना ते आधी पटेना. नवरा बायकोच्या पदराला धरून देशात राहिला, असं पेठेत कळलं तर काय, ही काळजी. मी म्हटलं, पेठेत कळायला पेठ इथे कुठे आहे. मग अर्ज केला.

मुलाखत घेणारी बाई पन्नाशीची होती. तिने माझा पासपोर्ट एका हातात धरला, सर्टिफिकेट दुसऱ्या हातात, आणि म्हणाली की ह्या तर दोन बायका दिसतात. एक नर्स आहे, ती इथे आलेली नाही. दुसरी इथे आली आहे, ती नर्स नाही. मी तांदळाच्या ताटाची हकीकत सांगितली. लग्नात आडनाव बदलतं हे तिला ठाऊक होतं, तिचंही बदललं होतं. पण स्वतःचं नावसुद्धा जातं, हे तिला नवीन होतं. तुला विचारलं होतं का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नाही. तिने काहीतरी लिहून घेतलं आणि चौकशी भारतात पाठवली.

ती चौकशी दिल्लीवरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून नेसरीला पोचली. हवालदार चावडीवर येऊन विचारू लागला, ह्या गावची नलिनी नावाची लेक सासरी गेली आहे का? पोलीस एखाद्या बाईचं नाव घेऊन आला की आधी ‘न्हाय’ म्हणायचं आणि मग विचार करायचा, ही आमच्या गावची रीत. कुणाच्या लेकीवर बालंट नको, इतकाच त्यातला हेतू. चावडीवर आबा स्वतः बसले होते. हवालदाराने सासरचं आडनाव घेतलं तेव्हा कुणाबद्दल विचारतोय ते त्यांना कळलं, पण तेही म्हणाले, ‘नलिनी? न्हाय बा. अशी कोण आमच्यात न्हाय.’ सगळ्या गावाने मान डोलावली. हवालदाराने तसं लिहून नेलं.

तो निकाल आबांच्या जबाबासकट आमच्यापर्यंत आला तेव्हा मी रडले. रागही आला. ज्या बापाने मला नर्स केली त्यानेच मला पुसून टाकलं असं वाटलं. मुलाखतीच्या त्या बाईने एक वाट ठेवली होती. मला लग्नाआधी ओळखणारं एक माणूस आणि लग्नानंतरचं एक, दोघांनी कोर्टात शपथेवर सांगायचं की ही एकच बाई. आणि हे मुदतीच्या आत. मी भावाला तार केली.

पुढचं भावाने पत्रातून कळवलं. तार त्याने आबांना वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी ते त्याला घेऊन मंगळवार पेठेत गेले आणि दारातूनच म्हणाले, ‘इहीणबाई, चला. पोरीचं काम हाय.’ माझ्या सासूबाई, ज्या विहिणीच्या मानासाठी लग्नात दोनदा रुसल्या होत्या, त्या चपला घालून निघाल्या. कोर्टात साहेबाने विचारलं, ही नलिनी कोण? आबा पुढे झाले. ‘माझी थोरली लेक. हौसा म्हंजेच नलिनी.’ मग सासूबाईंची पाळी. त्यांनी पहिल्यांदाच माझं जुनं नाव घेतलं, तेही पदर सारखा करून. दोघांनी अंगठे दिले.

कागद मुदतीच्या चार दिवस आधी पोचला. आम्ही राहिलो. कायमच्या वास्तव्याच्या कार्डावर कुठलं नाव घालू, असं त्याच बाईने विचारलं. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी ‘हौसा’ सांगितलं. आज वॉर्डातले म्हातारे मला ‘हाउसा’ म्हणतात. चुकीचं म्हणतात, पण दिवसभर म्हणतात.

कार्ड आल्यावर ट्रंक कॉल लावला. आबांना भावाने नेसरीच्या पोस्टात आणून बसवलं होतं. बराच वेळ खरखर झाली, मग त्यांचा आवाज आला.

“नलिनी, मी आबा बोलतोय.”

मला क्षणभर कुणी दुसरंच वाटलं. मी म्हटलं, “आबा, हौसा म्हणा. कागद झालाय, त्याच नावानं झालाय.”

ते आवाज खाली आणून म्हणाले, “नगं. फोनवर कोन ऐकत असंल. एकदा चुकलोय मी.”

मी खूप समजावलं, पत्रं लिहिली, कार्डाचा फोटो पाठवला. त्यांनी ऐकलं नाही. वारले तोवर प्रत्येक फोनवर ते मला नलिनीच म्हणत. घर कुठलं असं इथे लोक विचारतात तेव्हा मी ह्या शहराचं नाव सांगते, आणि ते खोटं नाही. पण मला बिनधास्त हौसा म्हणणारा एकच माणूस जगात होता. मला इथे राहता यावं म्हणून त्याने ती हाक सोडून दिली.