पाणी न पिणाऱ्या बायका

हेमाताई गेल्याची बातमी मला मोबाइलवर कळली, तीही जुन्या दुकानातल्या मॅनेजर सावंतांच्या मेसेजमधून. साड्यांचं ते दुकान सोडून मला सहा वर्षं झाली, पण 'आपली फॅमिली' नावाच्या त्यांच्या ग्रुपमधून बाहेर पडायचं राहून गेलेलं. आता मी वर्तकनगरच्या एका शाळेच्या ऑफिसात असते. दाखल्यांवर शिक्के मारता मारता वाचलं... 'आपल्या लाडक्या हेमाजी आज आपल्यात नाहीत.' त्याखाली जोडलेल्या हातांची चित्रं, एकामागून एक. आणि मध्येच मालकांनी स्वतः टाकलेलं पोस्टर, 'आषाढ सेल, सिल्कवर खास सूट'. पुढच्या दोघीतिघींनी घाईत त्या पोस्टरखालीच हात जोडले. मला रडू यायला हवं होतं. आली ती किळस. महिना होऊन गेला तरी ती जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

डोंबिवलीत स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर ते दुकान आहे. नाव लिहीत नाही. लिहिलं तर तेवढीच त्यांची जाहिरात. तिथल्या सिल्कच्या काउंटरवर हेमाताई एकोणीस वर्षं उभ्या होत्या. उभ्याच, कारण स्टूल फक्त गिऱ्हाइकांसाठी. कोपरहून चालत यायच्या, शटर वर जायच्या आत दारात हजर. बी.कॉम. झालेल्या, नवरा एका कंपनीत कारकून, घर नीटनेटकं आणि जीभ त्याहून नीट. विक्रीच्या धंद्यात असूनही खोटं बोलायच्या नाहीत. 'हा रंग तुम्हाला नाही हो खुलत, उगाच घेऊ नका,' असं समोरच्या बाईला तोंडावर सांगायच्या. बाईंचा चेहरा पडायचा, आणि घरात पुढचं लग्न निघालं की त्याच बाई दारातून विचारत यायच्या, 'हेमाताई आहेत ना आज?'

मी चोवीस वर्षांची असताना तिथे लागले. पहिल्या दिवशी त्यांनी मला पैठणीचा पदर हातावर कसा सोडायचा ते शिकवलं, आणि दुपारी डबा उघडताना दुसरी गोष्ट. 'सकाळी चहा किती घेतलास?' म्हटलं, 'कपभर.' 'उद्यापासून अर्धा घे. इथे आल्यावर पाणी घोटभरच. काय प्यायचं ते संध्याकाळी घरी जाऊन पी.' मी विचारलं, 'का?' त्यांनी आवाज खाली आणला. 'अगं, इथे बायकांना जायला जागा नाहीये.'

मला आधी ते खरंच वाटलं नाही. एवढं दुमजली दुकान, एसी, दारात रांगोळी, आत चौदा बायका कामाला, आणि एक संडास नाही? पुरुष मागच्या गल्लीत जाऊन यायचे. आम्ही स्टेशनजवळच्या सार्वजनिक शौचालयात. तिथे पायाखाली पाणी साचलेलं, दाराला कडी नाही, म्हणून एकीने आत जायचं आणि दुसरीने दार धरायचं. म्हणजे दोघींची सुट्टी एकदम मागायची. ती फ्लोअर मॅनेजर सावंतांकडे. ते घड्याळ बघायचे आणि आल्यावर सगळ्यांसमोर विचारायचे, 'एवढा वेळ?' पाळीच्या दिवसांत एकच पॅड सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत... ते मी इथे जास्त लिहीत नाही. वाचताना कुणाला कसंतरी झालं असेल तर होऊ दे. आम्ही त्यात उभं राहून हसत साड्या दाखवत होतो.

बाथरूम अजिबात नव्हतं असंही नाही. वर मालकांच्या केबिनला जोडून एक होतं. पांढऱ्या टाइल्स, गिझर, सुगंधी वड्या. त्याची चावी त्यांच्या टेबलावर. मालकांना आम्ही सगळ्यांनी 'काका' म्हणायचं असा त्यांचाच आग्रह. दर दिवाळीला मिठाईचा पुडा देताना म्हणायचे, 'तुम्ही सगळ्या माझ्या मुली.' हेमाताईंनी या काकांना तीनदा विचारलेलं. एकदा ते म्हणाले, जागा नाही. एकदा म्हणाले, बघू. तिसऱ्या वेळी म्हणाले, 'हेमा, खाली सिल्क असतं गं. पाइप गळला तर?'

मग तो मे महिन्यातला रविवार आला. लग्नसराई, पाय ठेवायला जागा नाही. आरती नावाची आमच्यातली एक सहा महिन्यांची पोटुशी होती. तिने सावंतांना दोनदा विचारलं, जाऊन येऊ का म्हणून. ते म्हणाले, 'ही पार्टी उठू दे.' पार्टी मोठी होती, नवरीच्या सगळ्या आत्या-मावश्या, उठेना. आरती काउंटरमागे उभ्या उभ्या शालू उलगडत होती, आणि मी तिच्या शेजारी. अचानक तिचे हात थांबले. खाली बघितलं तर तिला धरवलं नव्हतं, पायाशी पाणी पसरत होतं... तिने हातातला शालू तेवढा वर उचलून धरला. सावंत आले, वाकून बघितलं, आणि दबक्या आवाजात म्हणाले, 'पुसून घे पटकन. गिऱ्हाइकांना दिसेल.'

हेमाताई पलीकडून आल्या. त्यांनी समोर पडलेली एक कोरी करकरीत रेशमी साडी उचलली, घडी मोडली आणि आरतीच्या कमरेभोवती गुंडाळली. सावंत ओरडले, 'अहो, तो माल आहे!' हेमाताईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आरतीचा दंड धरून, भर गर्दीतून, जिना चढून त्या सरळ केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच राहिलं, त्यामुळे पुढचं आम्हाला खाली ऐकू आलं. मालक कापलेला आंबा खात होते, हे हेमाताईंकडून नंतर कळलं. 'काय गं हेमा, आत्ता?' 'चावी द्या.' 'अगं, पण हे...' 'काका ना तुम्ही? द्या चावी.'

चावी मिळाली. आरती बाहेर आल्यावर हेमाताई जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, 'एकेक जण या गं. कुणाला जायचंय त्यांनी या.' मग एक गेली, मग दुसरी. नवरीची एक मावशी उठून म्हणाली, 'म्हणजे या मुलींना सोयच नाहीये का इथे?' त्या दुपारी बारा जणी वर जाऊन आल्या. हेमाताई आणि आरती धरून बारा.

मी त्या बारांत नव्हते. मला जायचं होतं, पोटात दुखत होतं, तरी मी काउंटर धरून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी सावंत एकेकीला विचारत फिरले तेव्हा मी घाईघाईने म्हणाले, 'मी नव्हते गेले हां.' त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. तो हात मला अजून जाणवतो, आणि त्या क्षणीचं माझं हसूही.

आरतीला 'घरी आराम कर' म्हणून पाठवलं. ती परत आलीच नाही. हेमाताईंना ठाकुर्लीच्या गोदामात टाकलं. एकोणीस वर्षं गिऱ्हाइकं सांभाळलेल्या बाईने तिथे एकटीने परत आलेल्या मालाच्या घड्या घालायच्या. दोन-तीन महिन्यांनी दुकानात बायकांसाठी बाथरूम झालं. होय, झालं. जागा निघाली, पाइप गळला नाही. फीत कापली, दारावर मालकांच्या आईच्या स्मरणार्थ पाटी बसवली, कौतुकाची बातमी फोटोसकट छापून आली. हेमाताईंना त्या दिवशी बोलावलंसुद्धा नाही. मी चिडून फोन केला तर म्हणाल्या, 'बांधलं ना? दाराला कडी आहे का, ते बघून सांग.'

गोदामात वर्षभर काढून त्यांनी नोकरी सोडली, आणि त्याच सुमाराला मीही. लघवीच्या जळजळीचा त्रास त्यांना फार आधीपासून होता. गोळ्या घ्यायच्या, बरं वाटायचं, पुन्हा तेच. साखरही होती. शेवटी दोन्ही किडन्या गेल्या. डॉक्टर कुठल्या एका कारणावर बोट ठेवत नाहीत, म्हणतात अनेक गोष्टी असतात. असतील. मला त्यातली एक पुरेशी माहीत आहे.

शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं, हात काळेनिळे. वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. त्यांचे यजमान दिलीपराव माझ्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आले, आणि हेमाताईंपुढे छोट्या वाटीत दोन घोट. 'दिवसाला मोजूनच द्यायचं असतं,' ते ओशाळून म्हणाले. माझा हात तांब्याकडे जाईना. हेमाताईंनीच तो माझ्यापुढे सरकवला. 'पी गं तू. मला काय, सवय आहे.' आणि हसल्या. चिडल्या असत्या तर मला सोसलं असतं.

त्या गेल्या त्या दिवशी मी त्यांच्या घरी पोचले. मागोमाग मालक आले, सावंतांना घेऊन. सोबत मोठा थोरला हार, आणि त्यावर जरीच्या अक्षरांत दुकानाचं नाव असलेली फीत. 'आमच्या घरचंच माणूस गेलं,' असं ते तीन वेगवेगळ्या लोकांना म्हणाले. दिलीपराव आयुष्यात कुणाला उलटून बोललेले नाहीत. त्यांनी आतून कात्री आणली, सगळ्यांदेखत ती फीत कापली आणि घडी घालून सावंतांच्या हातात दिली. 'ही राहू दे तुमच्याकडे. तिचा तिथला हिशेब संपलाय.'

गेल्या आठवड्यात भाचीच्या लग्नाची खरेदी होती. ठाण्यातलं नवं, काचांचं, चार मजली दुकान. साड्या दाखवणारी मुलगी विशीतली, ओठ सुकलेले, सारखी या पायावरून त्या पायावर भार टाकत होती. मी वाकून हळूच विचारलं, 'तुम्हाला इथे आहे का गं?' कशाबद्दल विचारते आहे हे तिला सांगावं लागलं नाही. 'आहे ना मॅडम. तिसऱ्या मजल्यावर. पण चावी सरांकडे असते.'

मी उठले, सरांपाशी गेले. 'वॉशरूमची चावी द्या.' 'हो मॅडम, या ना, मी माणूस देतो बरोबर.' 'माणूस नको, नुसती चावी द्या.' त्याने हसत हसत, दोन्ही हातांनी दिली. ती घेऊन मी काउंटरवर परत आले आणि त्याच्यादेखत मुलीच्या हातात ठेवली. तिने घाबरून त्याच्याकडे पाहिलं.

'तिकडे काय बघतेस?' मी म्हणाले. माझा आवाज मोठा झाला होता, आजूबाजूच्या बायका वळून बघत होत्या. 'जा. सावकाश ये. तोवर मी इथेच बसलेय.'