दार नसलेल्या घराचं वायफाय

आप्पा गेले. त्यांच्या वायफायला आजही पासवर्ड नाही.

सकाळपासून अंगणात माणसं येतायत, बसतायत आणि प्रत्येकाचा फोन आपोआप नेटला लागतोय.

खरं सांगतो, मी थकलोय. उभा जन्म लोकांचे मोडेम आणि राउटर लावण्यात गेला. तांबडा दिवा का लागलाय, हिरवा का लागत नाही, हे समजावून सांगताना आता तोंड दुखतं. आज काही लिहायचं नव्हतं. पण आप्पांवर लिहायचं नाही तर कुणावर लिहायचं?

आप्पा म्हणजे माझे मामा. शिंगणापूरला पूजेच्या सामानाचं दुकान होतं त्यांचं. घराला चौकट, पण दार नाही. गावची रीतच ती.

आणि त्या बिनदाराच्या घरातून आप्पांनी पोटच्या पोरीला बाहेर काढलं होतं.

मीनानं जातीबाहेर लग्न केलं. आप्पा एकच वाक्य बोलले, "ह्या घरात परत पाय ठिवू नको." संपलं. मीना पुण्याला गेली, कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली. आप्पा तिचं नावसुद्धा काढायचे नाहीत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नगरला माझं रिपेअरिंगचं छोटं दुकान होतं. एक दिवस आप्पा येऊन बसले आणि म्हणाले, कॉम्प्युटर पाहिजे, इंटरनेटसकट.

मी हसलो. त्या काळी शिंगणापुरात नेट कशाला? पण आप्पांना उलट कोण विचारणार?

गेलो, बसवून दिलं. काळा डबडा मोडेम, फोनची वायर त्यात, मोडेमची वायर कॉम्प्युटरमागे. नंबर फिरवला की मांजरं भांडल्यासारखा आवाज यायचा आणि चार वेळा तुटून पाचव्यांदा लागायचं.

आप्पांना नीट समजावलं होतं, नेट चालू असताना लाइन अडकते, कुणाचा फोन लागणार नाही.

"मला कोन फोन करतंय?" आप्पा म्हणाले.

पासवर्ड त्यांनी पहिल्याच आठवड्यात गावभर सांगितला. घरालाच दार नाही तर ह्याला कशाला, हे त्यांचं लॉजिक. मग काय! अख्खी आळी आत. कुणी क्रिकेटचा स्कोअर बघतंय, कुणी नुसतंच माऊस फिरवतंय. दुपारभर लाइन बिझी.

थोड्या दिवसांनी तक्रार आली, नेट सारखं तुटतंय. गेलो. वायर बदलली, सगळं तपासलं. तरी तुटायचंच.

मग दिसलं. आतल्या खोलीत दुसरा फोन होता. मामी मधूनच जायच्या, रिसिव्हर उचलायच्या, कानाला लावायच्या आणि ठेवून द्यायच्या. त्यांनी उचलला की इकडे नेट कट.

मी वैतागून विचारलं, मामी, हे काय चाललंय?

"फोन जित्ता हाय का बघती रे," मामी हळूच म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. मीना दर रविवारी दुपारी बूथवरून फोन करायची. आप्पा दुकानात असताना. चोरून. आणि मोडेम आल्यापासून तिचा एकही फोन नव्हता. मामींना वाटलं, पोरगी कायमची रुसली.

मी म्हणालो, मामी, ती करत असेल हो. लागत नसेल.

मामी मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, "ह्यांनी कशापायी आनलं ठावं हाय का तुला? पोरगी ज्याच्यात काम करती ते बगायचंय ह्यांना. तोंडानं बोलायचे न्हाईत."

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेलो. दुपारी मोडेमची वायर काढली. मोडेम जरा तापलाय, अशी थाप मारून पोरंटोरं हाकलली. मामी फोनपाशी बसल्या. आप्पा जेवायला आले, बंद कॉम्प्युटर बघितला आणि ताटावर बसले.

फोन वाजलाच नाही.

जेवणं झाली. आप्पा हात धुवून वळले, तर मीना घरात उभी.

तीच आधी बोलली, "फोन लागंना तुमचा. मला वाटलं, आप्पांनी रिसिव्हर काढून ठेवलाय."

आप्पा तिच्याकडे बघेनात. त्या काळ्या डबड्याकडे बघत म्हणाले, "मोडेम हाय त्यो."

एवढंच.

मामींनी मीनाला परत चौकटीबाहेर उभं केलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आणि आत घेतलं. आप्पा दुकानात गेले नाहीत त्या दिवशी.

संध्याकाळी चौकटीतच चपला घालताना मीना मला म्हणाली, "दादा, दार असतं ना, तर वाजवायची हिंमत नव्हती माझ्यात. माघारी गेले असते."

आप्पा आत बसले होते. बिनदाराच्या घरात काय लपतं? ऐकलं त्यांनी.

मध्ये बराच काळ गेला. मीना येत राहिली, जावईही यायला लागले. घरात फायबर आलं, राउटर मीच बसवला. नाव घातलं, पासवर्डशी अडलो. म्हटलं, आप्पा, आता असं उघडं ठेवत नाहीत. जग वाईट आहे. काहीतरी आठ अक्षरं सांगा. तासभर डोकं फोडलं मी त्यांच्याशी.

"न्हाई," आप्पा म्हणाले. "कुनी इचारायला लाजून माघारी गेलं, मग?"

मी राउटर बंद-चालू केला आणि उठलो.

आज मीनानंच त्यांच्या तोंडात पाणी घातलं. आता ती चौकटीला टेकून बसलीय. वर राउटरचा हिरवा दिवा लागलाय, तो बंद करायचं कुणाच्याच मनात नाही.

आप्पा, पासवर्ड घातलेला नाही. घालणारही नाही.

या आता. भाच्याचा शेवटचा नमस्कार.