एक्केचाळीस नंबरचं कार्ड

आमच्या ऑफिसात कुणाला जुनी क्रिकेटची कार्डं जमवायची हुक्की आली की त्याला माझ्या टेबलाकडे पाठवतात. बहुतेक जण चाळिशीला टेकलेले असतात. लहानपणी च्युइंगगमबरोबर मिळालेली कार्डं आईने रद्दीत घातली, याचं त्यांना एकाएकी वाईट वाटू लागलेलं असतं. मी त्यांना समोर बसवते आणि भरपूर सल्ले देते. पुण्यात राहून सल्ला द्यायची संधी सोडायची म्हणजे काय.

कार्डांना रबरबँड लावू नका, हे मी आधी सांगते. दोन उन्हाळ्यांत तो वितळतो आणि वरच्या खेळाडूच्या तोंडावर कायमचा बसतो. लॅमिनेशन तर चुकूनही करू नका. एके काळी या शहरात दहावीच्या मार्कशीटपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं लॅमिनेट व्हायचं, त्यात कितीतरी चांगली कार्डं कामातून गेली. कार्ड कडेने धरा. आणि मागच्या बाजूला काहीही लिहू नका. हे शेवटचं सांगताना मी जरा चाचरते, कारण माझ्याकडच्या लहानपणच्या प्रत्येक कार्डामागे लाल शाईने नंबर घातलेला आहे.

ते काम बाबांचं. बाबा विदर्भातून नोकरीसाठी इकडे आले आणि एका कारखान्यात तपासणी खात्यात चिकटले. तयार झालेला भाग मापात आहे की नाही हे बघायचं आणि त्यावर खूण करायची, हे त्यांनी आयुष्यभर केलं. मी आता सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्याच्या चुका काढणे हा आमचा घरचा धंदाच म्हणायचा.

आम्ही विश्रांतवाडीत एका कॉलनीत राहायचो. घरोघरी नुकतंच केबल आलं होतं, क्रिकेट रंगीत दिसू लागलं होतं, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात एक नवीन च्युइंगगम आलं होतं. गम पाच मिनिटांत चव सोडायचं. पण आत एक कार्ड असायचं: समोर खेळाडू, कोपऱ्यात त्याच्या नावावर एक, दोन, चार किंवा सहा धावा. एक आणि दोन धावांची कार्डं पोत्याने निघायची. सहा धावांचं कार्ड निघालं की गल्लीत बातमी व्हायची, कारण ते दुकानदाराला परत दिलं की तो त्या बदल्यात एक चिमुकली पुस्तिका द्यायचा. तिची पानं अंगठ्याने भरभर सोडली की गोलंदाज धावत येऊन चेंडू टाकायचा.

आता जमवणाऱ्यांनी इथे लक्ष द्यावं. सहा धावांची कार्डं आज मिळत नाहीत ती यामुळे. ती कमी छापली होती हे खरंच, पण जी निघाली तीही सगळ्या पोरांनी पुस्तिकेसाठी देऊन टाकली आणि दुकानदारांनी कंपनीला परत केली. उरली ती एक-दोन धावांची, ज्यांच्या बदल्यात कुणी काहीच देत नव्हतं.

आमच्या कॉलनीतल्या मुलांची कार्डं खेळता खेळता मिसळायची आणि मग भांडणं व्हायची. बाबांनी यावर तोडगा काढला. आईच्या सगळ्या स्टीलच्या भांड्यांवर नाव घातलेलं होतं, त्यामुळे शेजारी गेलेली वाटी चार दिवसांनी का होईना, घरी यायची. बाबांनी तोच न्याय कार्डांना लावला. जसजशी कार्डं येतील तसतसा ते मागे बारीक आकडा घालायचे, लाल शाईत, कारखान्यातल्यासारखा. आकडा घालण्याआधी कार्ड उजेडात धरून चारी कोपरे बघायचे. मला फार भारी वाटायचं. माझं गम चघळणं हे कुणीतरी इतकं गंभीरपणे घेत होतं.

एक्केचाळिसावं कार्ड सहा धावांचं निघालं. डावखुरा फलंदाज, एक पाय हवेत, चेंडू कुठे गेला ते कार्डाबाहेर. बाबा त्यांच्या वऱ्हाडीत म्हणाले, "हे देऊ नको, बाप्पा. पुस्तक काय, फाटून जाईन. असं कार्ड पुन्हा नाही निघणार."

मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ते कार्ड माझ्या मुठीत होतं. दुकानापर्यंत जाईपर्यंत मी चारदा मागे वळले आणि चारदा पुढे गेले, त्यात मुठीतच त्याचा एक कोपरा दुमडला. पण शेजारच्या मुलीकडे पुस्तिका होती आणि माझ्याकडे नव्हती. मी कार्ड दिलं.

त्या पुस्तिकेचं सुख मला चार दिवस मिळालं, तेही जिन्याखाली बसून, कारण घरात काढायची सोय नव्हती. पाचव्या दिवशी तिची पिन निघाली. त्यानंतर गोलंदाज नुसता धावत यायचा. चेंडूची पानं कुठे गेली ती शेवटपर्यंत सापडली नाहीत.

रविवारी बाबांनी कार्डं मोजायला घेतली. एक्केचाळीस नाही. मी म्हणाले, हरवलं वाटतं. मग बाबांनी कपाट सरकवलं, गादी उचलली, तांदळाच्या डब्यात हात घालून पाहिला. मी पण शोधत होते. इतकं मन लावून खोटं शोधणं मी पुन्हा कधी केलं नाही. संध्याकाळी बाबा चहापत्ती आणायला कोपऱ्यावर गेले, परत आले आणि शोधाशोध थांबवली. एवढंच म्हणाले, "एक्केचाळीसची जागा खाली ठेवू. त्या नंबरवर दुसरं बसवायचं नाही."

मला वाटलं, सुटले. पण त्या दुकानात जायची माझी हिंमत संपली. दुकानदार सगळ्यांसमोर काही बोलला तर, या भीतीने मी पुढची सगळी वर्षं आळंदी रस्त्यावरच्या लांबच्या दुकानातून गम आणलं. आईला वाटायचं, पोरीला चालायची आवड आहे.

पुढे शिक्षण, आयटीतली नोकरी, धायरीला फ्लॅट. आई-बाबा माझ्याबरोबर आले. कार्डांचा डबाही आला, चाळीसनंतर एकदम बेचाळीस असलेला. मी जमवणाऱ्यांच्या नादाला लागले ती खरं तर त्या एका खाचेमुळे. बाबांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही, पण डबा उघडला की माझा अंगठा तिथे अडखळायचा आणि मला लाज वाटायची. चाळिशीतल्या बाईला गमच्या कार्डाची लाज वाटते, हे कुणाला सांगणार?

दर महिन्याच्या एका रविवारी शहरातले जमवणारे एका शाळेच्या वर्गात भरतात. नाणी, तिकिटं, काड्यापेट्या, सगळं असतं. कार्डांचे जाणकार म्हणजे एक निवृत्त गृहस्थ. पहिल्या भेटीत मी त्यांना माझी कार्डं दाखवली, तेव्हा त्यांनी एक उलटं करून पाहिलं, चष्मा काढला आणि विचारलं, "अहो, हे कार्ड आहे की पातेलं?"

त्याच गृहस्थांसमोर गेल्या वर्षी एक बिस्किटांचा डबा होता. विश्रांतवाडीतली कुठलीशी इमारत पाडायला घेतली, त्यातल्या बंद पडलेल्या दुकानातला हा माल, असं ते म्हणाले. मी डब्यात हात घातला. मी सगळ्यांना सांगते की आवडलेलं कार्ड दिसलं की चेहरा कोरा ठेवा. माझा राहिला नाही. डावखुरा फलंदाज, एक पाय हवेत, दुमडलेला कोपरा.

"ते सोडा," गृहस्थ म्हणाले. "मागे नंबर घातलाय कुणीतरी. तुमचेच भाऊबंद दिसतात."

कार्ड गमच्याच जुन्या कागदी पुडक्यातून अर्धं बाहेर आलं होतं आणि पुडक्याला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली होती. दुकानदाराचं अक्षर. वर आमच्या खोलीचा नंबर होता आणि खाली लिहिलं होतं: "यांच्या मुलीचं. वडील सांगून गेलेत, कंपनीला परत करू नये. मागायला येईल तेव्हा द्यावे."

मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. ती संध्याकाळ, ती चहापत्ती, सगळं मला लख्ख कळलं. बाबा रागावले नव्हते. त्यांनी फक्त एक वाट उघडी ठेवली होती, आणि मी दुसऱ्या रस्त्याने गम आणत राहिले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला हसूही येत होतं.

"तुमचं आहे का?" गृहस्थांनी विचारलं.

"हो."

"दुकान रोज उघडं असायचं, असं ऐकून आहे."

मी बदल्यात माझ्याकडचं एक चांगलं कार्ड पुढे केलं. त्यांनी ते कडेने धरून मला परत दिलं. "मागायला येईल तेव्हा द्यावे, असं लिहिलंय. तुम्ही आलात. मी घेणारा कोण?" मग डब्याचं झाकण लावत म्हणाले, "चिठ्ठी टाकू नका. कार्डापेक्षा ती दुर्मीळ आहे."

आता ऑफिसात सल्ला विचारायला येणाऱ्यांना मी रबरबँडच्याही आधी एक गोष्ट सांगते. बंद दुकानात, जुन्या शेजाऱ्याकडे, चुलतभावाच्या माळ्यावर, जिथे आपली वस्तू असेल असं वाटतं तिथे जाऊन मागा. फार तर नाही म्हणतील. कधी कधी ते तुमची वाटच बघत असतात.

कार्ड मिळालं त्या दुपारी मी घरी आले तेव्हा बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. मी कार्ड आणि चिठ्ठी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "बाबा, मी तेव्हा खोटं बोलले होते."

त्यांनी आधी चिठ्ठी वाचली. "अजून ठेवलं होतं त्यानं? मी तर म्हटलं होतं, दोन-चार दिवसांत येईन पोरगी." मग कार्ड उलटं करून आपला लाल आकडा पाहिला, सुलटं केलं आणि उजेडात धरून एकेक कोपरा बघू लागले. चौथ्याशी थांबले.

"हा दुमडला आहे," ते म्हणाले. "दुकानात दुमडला, का तू दुमडला?"

"मी," मी म्हणाले.

बाबांनी मान हलवली, डबा मागवला आणि कार्ड चाळीस आणि बेचाळीसच्या मध्ये ठेवलं.