सातव्या पानावरची ओळ

आईने बी.ए.ला नाव घातलं तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. दूरस्थ शिक्षण, माध्यम हिंदी, केंद्र मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याचं. पुस्तकं डाकेने यायची. असाइनमेंट हाताने लिहून केंद्रावर जमा करायची आणि गुण मोबाइलवर बघायचे. लिहिलेली पानं मात्र परत यायची नाहीत.

पहिल्या वर्षी तिला चांगले गुण मिळाले आणि त्यावरच ती चिडली. "काय चुकलं ते कोणी लिहितच नाई. वाचते तरी का कोणी?"

दुसऱ्या वर्षी तिने परीक्षकाचीच परीक्षा घेतली. पंचायती राजच्या हिंदी उत्तरात, सातव्या पानावर, तिने मधेच एक मराठी ओळ घातली : सर, इथपर्यंत वाचलं असन तर सौंसरले या, आमच्या बागेतली संत्री देतो. खाली घराचा पत्ता.

मी वर्तमानपत्रात काम करतो. त्या दिवशी सुटीवर होतो. म्हटलं, "आई, हे काय लिहून राहिली?"

"उत्तर. तू बातमी नको करू याची."

तीसपैकी चोवीस गुण आले. बागेतला संत्रा तोडून झाला, ट्रक नागपूरला गेले. कोणी आलं नाही. आईने जाहीर केलं, की तिसऱ्या वर्षाचा फॉर्म ती भरणार नाही. कोणी वाचतच नसेल तर लिहायचं कोणासाठी?

जूनमध्ये गुणपत्रिका घ्यायला आम्ही बसने पांढुर्ण्याला गेलो. गुणपत्रिकेआधी 'विद्यार्थी समाधान' नावाचा कागद भरायचा होता. खिडकीवरचा बाबू म्हणाला, "काकू, साऱ्याइले 'अत्यंत संतुष्ट'वर टिक मारा अन् मोकळ्या व्हा."

"काऊन?"

"सारेच मारून राहिले."

आईने चष्मा लावला. 'असंतुष्ट'वर खूण केली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं : कोणी वाचत नाही. सातव्या पानाची हकिकतही लिहिली. रांगेत मागे उभी असलेली एक नर्स खांद्यावरून वाचत होती. ड्यूटीला उशीर होतो म्हणून ती आधी कुरकुरत होती. आता हसू आवरेना म्हणून भिंतीला टेकली. तिच्या मागच्या, कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या माणसाने सांगितलं, की त्याने एकच उत्तर दोन प्रश्नांना लिहिलं होतं आणि दुसऱ्यांदा जास्त गुण मिळाले होते. बाबूही हसला. एवढ्या हशात आमची बस चुकली.

तिसऱ्या वर्षाच्या फॉर्मची शेवटची तारीख शनिवारी होती. शुक्रवारी दुपारी फाटकाशी मोटरसायकल थांबली. हेल्मेट काढून एका गृहस्थांनी हँडलवरच्या दोन रिकाम्या पिशव्या हातात घेतल्या.

"पान सात," ते म्हणाले.

आई कणकेच्या हातानेच बाहेर आली. "तुमी वाचलं?"

"तवाच वाचलं. पण संत्री मांगाले कसं येऊ, लाज वाटली. काल बाबूनं तुमचा कागद दाखवला, तं म्हटलं आता गेलंच पाहिजे."

"सारं वाचलं?"

"सारं. ग्रामसभेची गणपूर्ती चुकली तुमची. तिथं चार गुण गेले."

आईने बोटांवर हिशेब केला. "अन् बाकीचे दोन?"

"संत्र्याचे कापले. परीक्षकाले आमिष दाखवता, ताई?"

आई ओट्यावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. कणीक कपाळाला लागली. ते परीक्षकही हसत होते, मीही. मग त्यांनी बागेकडे पाहिलं. झाडांवर गोटीएवढी हिरवी फळं होती.

"नोव्हेंबरात या, सर," आई म्हणाली. "तवा मी तिसऱ्या वर्षाले राहीन." एका पिशवीत तिने घरची तूरडाळ घातली, आणि गणपूर्ती नीट समजल्याशिवाय त्यांना जाऊ दिलं नाही.

शनिवारी तिने फॉर्म भरला आणि बाबूकडे समाधानाचा कागद परत मागितला.

"तो वर गेला, काकू."

"मंग दुसरा दे."

तिने 'अत्यंत संतुष्ट'वर खूण केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं : दोन गुण कापले.