बंद न होणारं मशीन

वर्ध्यात बसून दूरच्या कंपनीचं काम करणारे आम्ही दोघंच, मी आणि दादा. दादा माझ्याहून पुष्कळ मोठे; मला नोकरीला त्यांनीच लावलं. मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हापासून ते डायलिसिसला सेवाग्रामला जायचे आणि खाटेवर पोटाशी लॅपटॉप घेऊन काम करायचे. एका हाताला सुया, दुसऱ्या हाताने टायपिंग. हात दमला की मला बोलावून घ्यायचे. मी शेजारी स्टुलावर बसून ते सांगतील तसं लिहायची.

आमच्या कामात निव्वळ सॉफ्टवेअरनं उभा केलेला एक संगणक होता, खऱ्या यंत्राची हुबेहूब नक्कल. त्याचा एक भाग सुरक्षित, दुसरा सगळ्यांना खुला. ते मशीन बंद करणं किंवा नव्यानं सुरू करणं फक्त सुरक्षित भागालाच जमावं, म्हणून आम्ही दोन तारा जोडत होतो. तारा म्हणजे कोडच. बंद करायची तार लगेच चालली. दुसरी, नव्यानं सुरू करायची, ओढली की मशीन सुरू व्हायचं, लगेच पुन्हा सुरू व्हायचं, आणि मग तेच चालू राहायचं.

"काय करून राह्यलं ते?" दादांनी डोळे मिटूनच विचारलं.

"परत परत उठून राह्यलं."

"मले विचार न, कसं वाटत असन त्याले."

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. मला हसू आलं नाही.

पोळ्याच्या सुमारास वहिनींचा फोन आला. "ताई, तुमी घरी या. दवाखान्यात नोका जाऊ." तेवढ्यावरून कळलं. पवनारला, धाम नदीच्या काठी, पुरुष त्यांना घेऊन गेले. आम्ही बायका घरीच बसून राहिलो.

नंतर चूक सापडली. मशीन नव्यानं सुरू होताना ओढलेली तार सोडायची राहून गेली होती, म्हणून ते पुन्हा पुन्हा तोच हुकूम पाळत होतं. एका ओळीचं काम. दादांना सांगायला मी फोन उचललासुद्धा.

काम दादांच्याच नावानं तपासायला पाठवलं. परदेशातल्या तपासणाऱ्यानं दादांनाच विचारलं, मशीनच्या जुन्या आवृत्त्यांत हा बदल का नाही? त्या वापरणाऱ्या लोकांचं काही बिघडू नये म्हणून, असं मी लिहिलं. खाली लिहिलं की दादा वारले. त्याच्या उत्तरात पहिल्या ओळीत वाईट वाटल्याचं होतं, दुसऱ्या ओळीत स्पेलिंगची चूक दाखवली होती. मला भयंकर राग आला. मग ती दुरुस्त केली, कारण चूक होतीच.

काम मंजूर झालं तेव्हा वहिनींकडे गेले.

"त्यायचं नाव राहीन का त्याच्यात?" त्यांनी विचारलं.

"राहील."

"मी विचारलं का ते म्हणत, 'तुले नाई समजणार.' आता तुमी सांगा."

मी जमेल तसं सांगितलं. सुरक्षित भाग, तारा, बंद करण्याचा अधिकार. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या.

"पण चालत्या मशीनले बंद काऊन करावं?"

कधीकधी करावं लागतं, असं काहीतरी मी बोलायला लागले. एवढे दिवस कोणासमोर न रडलेल्या वहिनी तिथेच, जमिनीवर बसून रडायला लागल्या. मी त्यांच्याजवळ सरकले. संध्याकाळपर्यंत आम्ही तशाच बसलो होतो.