इन्चार्ज ताईंचं आयर्लंड

"होते ना, काहून नाही होत?"

सलाईनला शीर सापडत नसो, लिफ्ट बंद पडलेली असो, की डॉक्टर सकाळीच कोणावर तरी चिडलेले असोत, ताईंचं उत्तर ठरलेलं. आणि ते देताना समोरच्याचं मनगट त्यांच्या बोटांत आलेलं असायचं. बोलता बोलता नाडी पाहायची ही सवय इतकी अंगात मुरलेली होती, की भाजीवाल्याशी भाव करतानाही त्या एखाद दिवशी त्याचं मनगट धरतील अशी मला धास्ती वाटायची.

नागपूरच्या एका खासगी हॉस्पिटलातल्या हाडांच्या वॉर्डात मी त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काम केलं. त्यांचं नाव सांगत नाही, कारण वॉर्डात ते कोणी घेतच नसे. डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशीपर्यंत सगळे म्हणायचे इन्चार्ज ताई. राहायच्या हुडकेश्वरला, माझ्या मागच्याच गल्लीत. त्यामुळे ड्यूटीला जाताना त्यांच्या स्कूटीवर मागे मी, आणि माझ्या मांडीवर दोघींचे डबे.

एका दुपारी डबा उघडता उघडता त्या म्हणाल्या, "मी आयर्लंडले जाऊन राहिली."

"कुठं?"

"आयर्लंड. इंग्लंडच्या बाजूले आहे. नर्सा पाहिजेत त्यायले."

"कधी निघता?"

"अजून काहीच नाही झालं. पण जाऊन राहिली."

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांची क्रियापदं त्यांच्या आधी गावाला पोचतात. मी हसले. ताई चाळिशी ओलांडलेल्या, मुलगी नववीत, त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या अडतीवर कामाला. कशाला हा उपद्व्याप, असं मी स्पष्टच विचारलं. पैसे तिकडे जास्त मिळतात हे त्यांनी नाकारलं नाही. पण नंतर पोळीचा तुकडा तसाच हातात धरून म्हणाल्या, "मले एकदा असा वॉर्ड पाहायचा आहे वं, जिथं पेशंटले आपल्या हातानं पाणी पाजायले नर्सजवळ टाइम रायते. बस. एकदा."

आमच्या वॉर्डात दोन नर्सा आणि भरलेल्या खाटा. पाणी पाजायचं म्हणाल तर ते काम नातेवाइकांचं. ताईंना ते आयुष्यभर खुपत आलं होतं, आणि मला त्या दुपारपर्यंत त्याचा पत्ता नव्हता.

मग सुरू झाली ती धावपळ. मी नुसती प्रेक्षक, पण माझीही झोप उडाली. आधी इंग्रजीची परीक्षा, मग तिकडच्या नर्सिंगच्या नोंदणीसाठी कागदपत्रं, मग नोकरी, नोकरी मिळाली की कामाचा परवाना, आणि परवाना आला की व्हिसा. एका एजंटानं त्यांना सांगितलं की आधी व्हिसा काढून टाकू, नोकरीचं तिथं गेल्यावर पाहू. ताईंनी त्याचं मनगट हळूच धरलं आणि म्हणाल्या, "नाडी फास्ट आहे भाऊ तुमची. खोटं बोलून राहिले का?" पुन्हा त्या एजंटाकडे गेल्या नाहीत. स्वतःच वाचायच्या, तिकडे गेलेल्या केरळच्या मुलींना फोन करून विचारायच्या, आणि दुसऱ्या दिवशी स्कूटीवर मला शिकवायच्या. "परवाना हातात आल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही. ध्यानात ठेव." जशी काही मीच चालले होते.

इंग्रजीच्या सरावासाठी पेशंट मी व्हायची. कपडे बदलायच्या खोलीत बाकावर आडवी पडून कण्हायची, आणि ताईंनी मला इंग्रजीत धीर द्यायचा. त्या ठामपणे म्हणायच्या, "डोन्ट टेक टेन्शन."

"ताई, तिकडे असं म्हणत नाहीत. डोन्ट वरी म्हणा."

"वरी तर तो करूनच राहिला आहे ना. टेन्शन घेऊ नको म्हटलं की माणूस ऐकते."

परीक्षेत काय म्हणाल्या देव जाणे, पण पहिल्याच फेरीत पास झाल्या. निकाल मोबाइलवर आला तेव्हा आम्ही मानेवाडा चौकात सिग्नलला उभ्या होतो. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवू लागले, आणि ताई स्कूटी तशीच ठेवून मला मिठी मारत होत्या.

पोलिसांच्या दाखल्यासाठी चौकशीला एक हवालदार गल्लीत आला, तो प्रसंग तर मी कधी विसरणार नाही. बाई कशी आहे हे त्यानं शेजाऱ्यांना विचारायचं होतं. पण या गल्लीत ताईंनी ज्याला इंजेक्शन दिलं नाही असं घरच नव्हतं. जो तो बाहेर आला. समोरच्या घरातले आजोबा काठी टेकत आले आणि हवालदाराला म्हणाले, "चारित्र्य एकदम चांगलं आहे साहेब. तसंच लिहा. पण यायले जाऊ देऊ नका." ताई हसत होत्या. हवालदार चहा पिऊन, बीपी मोजून घेऊन गेला.

भाऊजी या सगळ्यात फारसं बोलायचे नाहीत. पहाटे कळमन्याला जायचे, दुपारी येऊन झोपायचे. मी एकदा त्यांना विचारलं, तुम्हाला चालेल का? ते म्हणाले, "ते गेली तर घर सुनं होईन. नाही गेली तर ते सुनी होईन. मग काय करता?" पोरीची दहावी झाली की बाप-लेकीनं मागून जायचं, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं.

आणि मग मुलाखत आली. सगळं तिच्यावर अडलेलं. नोकरी नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर काहीच नाही. ताईंच्या गल्लीत इंटरनेट रुसायचं, म्हणून मुलाखत माझ्या घरी. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, ताई इस्त्रीच्या पांढऱ्या कुडत्यात, आणि मी स्वयंपाकघरात, गॅस बंद करून, कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून श्वास रोखलेला.

पडद्यावर दोघं होते. एक तरुण माणूस आणि पिकल्या केसांच्या एक बाई, तिकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या हॉस्पिटलातल्या मुख्य नर्स. त्यांचं इंग्रजी भरभर आणि गोल गोल. ताईंनी पहिल्याच वाक्याला "प्लीज स्लोली मॅडम" म्हणून त्यांना वठणीवर आणलं. औषधं, जखमा, इन्फेक्शन, सगळं धडाधड सांगितलं. मी आत मुठी आवळून नाचत होते.

मग बाईंनी विचारलं, एक म्हातारे गृहस्थ आहेत, खुब्याचं ऑपरेशन झालंय, संध्याकाळ झाल्यावर गोंधळलेत आणि खाटेवरून उतरायला पाहताहेत. तुम्ही सर्वांत आधी काय कराल?

ताई ताबडतोब म्हणाल्या, "फर्स्ट आय विल कॉल द रिलेटिव्ह."

बाईंनी मान जरा पुढे केली.

"आणि नातेवाईक नसेल तर?"

"मॅडम, रिलेटिव्ह इज ऑलवेज देअर. वन गोज फॉर टी, अदर वन सिट्स."

मी कपाळावर हात मारून घेतला. तुम्हाला हसू येईल, पण आमच्या कोणत्याही नर्सनं हेच उत्तर दिलं असतं. आमच्याकडे पेशंट एकटा येतच नाही. कूस बदलायला मुलगा, भांडं द्यायला सून, औषधं आणायला पुतण्या, सलाईन संपत आलं हे ओरडून सांगायला शेजारच्या खाटेवरचा पाहुणा. आम्ही खाटेशी गेलो की पहिला प्रश्न, पेशंटसोबत कोण आहे?

बाईंनी शांतपणे सांगितलं, इथे भेटायला येणारे संध्याकाळी घरी जातात.

ताई खुर्चीत पुढे सरकल्या. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, मग रात्री त्या बाबांजवळ कोण असतं?

"तुम्ही," बाई म्हणाल्या.

त्यानंतर ताई जे बोलल्या ते मी दारातून ऐकलं. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, मी मराठीत सांगते. म्हणाल्या, मग मी खाट खाली घेईन. दिवा लावीन. त्यांना लघवीला जायचंय का विचारीन, कारण बहुतेक वेळा तेच असतं आणि म्हातारी माणसं लाजतात. पाणी पाजीन. त्यांचा हात धरून सांगीन की तुम्ही हॉस्पिटलात आहात आणि आज तुमची नातेवाईक मीच आहे.

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. शेवटी विचारलं, तुम्हाला काही विचारायचं आहे? बाकीचे इथे पगार विचारतात, घर मिळेल का विचारतात. ताईंनी विचारलं, तुमच्या स्वतःच्या नर्सा कुठं गेल्या?

बाई पहिल्यांदाच हसल्या. ऑस्ट्रेलियाला, म्हणाल्या. बऱ्याच जणी. माझी स्वतःची मुलगीही तिथेच नर्स आहे. तिनंही हेच केलं, पोलिसांचा दाखला, मेडिकल, कामाचा परवाना, तिथे जाऊन भाड्याची खोली शोधताना रडली, मग बँकेत खातं उघडायला पत्ता नाही आणि पत्ता मिळायला खातं नाही. मुलाखत राहिली बाजूला. दोघी बायका एका मुलीबद्दल बोलत बसल्या. ताईंनी विचारलं, ती जेवण बनवते की बाहेरचं खाते? तो तरुण माणूस घड्याळ पाहत होता.

लॅपटॉप बंद केल्यावर मात्र ताई माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "गेलं वं," म्हणाल्या. "रिलेटिव्ह म्हणून बसली मी." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून "नाही होत" याच्या जवळपासचं काही मी पहिल्यांदा ऐकलं. मी कुकर लावला. दोघींनी वरण-भात खाल्ला.

पुढचे काही दिवस त्या वॉर्डात निमूट काम करत होत्या. मग एका दुपारी ड्रेसिंगच्या ट्रॉलीशी उभ्या असताना त्यांच्या खिशात फोन वाजला, ईमेल आला होता. त्यांनी मला खिशातून फोन काढून वाचायला सांगितलं आणि आधी ते ड्रेसिंग पूर्ण केलं. हातमोजे काढून कचऱ्याच्या डब्यात टाकले. मगच विचारलं, "काय लिहिलं आहे? हो लिहिलं आहे का?" हो लिहिलं होतं. मी ओरडले. ज्याचं ड्रेसिंग झालं होतं त्या पेशंटनं, काय झालं हे माहीत नसताना, टाळ्या वाजवल्या. त्याच्या मुलानं खालून सगळ्या वॉर्डासाठी समोसे आणले.

परवानाही आला, व्हिसाही आला. आता थंडीचे कपडे. तेही कधी, तर भर मे महिन्यात. गांधीबागेतल्या ठोक दुकानदारानं आधी आम्हाला वेड्यात काढलं, मग माळ्यावरून लोकरी कपड्यांचे गठ्ठे पाडले. ताईंनी जाड कोट अंगात चढवला, वरची चेनही लावली आणि कूलरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. घामाच्या धारा. दुकानदार म्हणाला, "बस करा ताई, इथंच चक्कर येईन." ताई म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. तिथं कसं वाटते ते पाहून राहिली."

सामानाचं वजन आम्ही वॉर्डातल्या पेशंटच्या वजनकाट्यावर केलं. तिखट, हळद, सांडगी मिरची, भाऊजींनी बांधून दिलेली संत्रा बर्फी. काटा वर जाताच ताई एकेक डबा बाहेर काढायच्या, आणि तो मला मिळायचा. त्यांच्या आयर्लंडच्या वजनमर्यादेवर मी महिनाभर जेवले.

विमानतळावर अर्धी गल्ली आली होती. ताईंनी सगळ्यांना जयभीम घातला, लेकीचा गालगुच्चा घेतला. भाऊजींच्या मनगटावर त्यांची बोटं जरा जास्तच वेळ राहिली. भाऊजी म्हणाले, "चांगली चालू आहे. जा आता."

तिकडे पोचल्यावर आणखी एक परीक्षा होती, तीही त्यांनी पास केली आणि त्यांना त्यांचा वॉर्ड मिळाला. इकडे आमच्या वॉर्डाला नवीन इन्चार्ज आल्या. चांगल्या आहेत. पण त्या मनगट धरत नाहीत, आणि मला हातात काहीतरी कमी असल्यासारखं वाटतं.

पहिल्या ड्यूटीनंतर ताईंचा व्हिडिओ कॉल आला. इथे संध्याकाळ, तिथे दुपार. इथे दोन अ‍ॅडमिशन एकदम आलेल्या, दारात सात-आठ नातेवाईक, मी फोन औषधांच्या ट्रॉलीवर टेकवून ठेवलेला. ताईंच्या मागे मोठी खिडकी आणि पावसाळी उजेड. मी विचारलं, कसं आहे? घर मिळालं का? थंडी आहे का? त्यांनी एकाचंही उत्तर दिलं नाही.

"ऐक वं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी हलका झाला होता. "आज मी एका आजीचे केस विंचरले. गुंता काढून, सगळे. मग वेणी घातली. कोणी आवाज नाही दिला, कोणी बोलावलं नाही. पुरी वेणी घातली मी."

"मग?"

"मग आजीनं आरसा मागितला."