नकाशेकाकांची पांढरी ठिगळं

नकाशेकाकांनी घरात बाई आणून ठेवली आहे, ही बातमी शनिवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावरून निघाली आणि दूधवाला जिना उतरायच्या आत चौथ्या मजल्यावर पोचली. पुरावे तसे भक्कम होते. काकू मुलीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडे गेलेल्या. शुक्रवारी संध्याकाळी काका चादरीत काहीतरी गुंडाळून, दोन्ही हातांनी पोटाशी धरून, चोरासारखे जिना चढताना दिसलेले. आणि सकाळी त्यांच्या खिडकीतून चक्क ऐकू आलेलं, "ऊठ ना गं बाई. किती वेळ? माझी दाढीसुद्धा उरकली."

बातमी खरी निघती तर अख्खी इमारत महिनाभर सुखात राहिली असती. पण चादरीतून निघाला कॉम्प्युटर. पाणी खात्याच्या नकाशा विभागातला, दहा वर्षांचा, आणि बटण दाबल्यापासून जागं व्हायला सात मिनिटं घेणारा. काकूंना फोनवर हा सगळा प्रकार कळला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मला कधी उठवलंत का हो इतक्या गोडीनं?"

काका बत्तीस वर्षं या शहराचे पाइप काढत आहेत. काढतात म्हणजे कागदावर. कुठल्या रस्त्याखाली कुठली लाइन, कुठल्या चौकात कुठला व्हॉल्व्ह, हे त्यांना पाठ. रस्त्यानं चालताना मान खाली असते, म्हणून बायका त्यांना सभ्य समजतात. बिचारे खालची लाइन आठवत असतात. पण आता मान वर करायचंही त्राण त्यांच्यात फारसं उरलेलं नाही. निवृत्तीला दोन वर्षं आहेत आणि ती कुणाच्या डोळ्यांवर न येता सरावीत, एवढीच त्यांची मागणी.

ती मागणी खात्याच्या प्रमुख म्हणून आलेल्या नव्या मॅडमनी मोडीत काढली. मागच्या आठवड्यात बाजारपेठेत पाइप फुटला. व्हॉल्व्ह कुठला बंद करायचा म्हणून मॅडम स्वतः नकाशा विभागात आल्या. काकांनी शहराचा नकाशा उघडायला घेतला, आणि तो उघडेपर्यंत अकरा मिनिटं गेली. तेवढ्यात कापडाची दोन दुकानं भिजली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी सकाळी अकराला मी परत येते. नकाशा एका मिनिटात उघडला तर तुमचा विभाग राहील. नाहीतर नकाशे बाहेरच्या कंपनीला देऊ आणि तुम्ही तक्रार खिडकीवर बसा."

तक्रार खिडकी म्हणजे अलीकडे एक माणूस आणि पलीकडे पाणी न आलेलं सगळं शहर. तिथे बसणारे सहा महिन्यांत बदली मागतात, एकानं तर थेट राजीनामाच दिला होता. निवृत्तीच्या तोंडावर काकांना बदली कोण देणार? म्हणून परवानगीचा कागद घेऊन त्यांनी कॉम्प्युटर घरी आणला आणि मेहुण्याला फोन लावला.

मेहुणा म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, जगातलं कुठलंही यंत्र उघडून बघितल्याशिवाय चैन न पडणारा. सहा वर्षांपूर्वी या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची प्रणाली घातली तीही त्यानंच. फुकट आणि दणकट, असं तेव्हा म्हणाला होता.

"दाजी, लिनक्सला नावं ठेवू नका," आल्या आल्या त्यानं बजावलं. "आधी पोट उघडून बघू."

पोट उघडलं तर आत एका लहान उशीत भरता येईल एवढी धूळ. पंख्याची पाती दिसेनात. मेहुण्यानं ब्रशनं सगळं झाडलं. "गुदमरलेलं यंत्र तापतं, आणि तापलं की जीव वाचवायला सावकाश चालतं," तो म्हणाला.

"माझंही तसंच आहे," काका म्हणाले.

"तुम्हाला उघडता येत नाही, नाहीतर बघितलं असतं."

मग त्यानं यंत्र सुरू होताना आपोआप काय काय जागं होतं त्याची यादी काढली. कधीच भंगारात गेलेला प्रिंटर शोधणारा एक प्रोग्रॅम. इथे नसलेल्या हेडफोनची वाट बघणारा दुसरा. आणि तिसरा एक महाभाग रोज सकाळी सगळ्या फायली वाचून काढायचा, पुढेमागे कुणी काही शोधलं तर पटकन सापडावं म्हणून.

"कुणी शोधतं का?" मेहुण्यानं विचारलं.

"गेल्या सहा वर्षांत कुणी नाही."

"म्हणजे सरकारी नोकरीत मुरलाय," म्हणत मेहुण्यानं तिघांनाही घरी बसवलं. खिडक्या उघडमिट करताना लाटा उठवणारा नखरेल डेस्कटॉप काढून साधासुधा हलका डेस्कटॉप घातला. स्वतःच्या जुन्या कॉम्प्युटरमधली मेमरीची पट्टी आणून बसवली. बटण दाबलं. यंत्र एका मिनिटाच्या आत उठून बसलं. काकांनी वर्षभरात पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

मग शहराचा नकाशा उघडला. नऊ मिनिटं.

काका चष्मा काढून डोळे चोळत बसले. मेहुण्याचा चेहरा मात्र घरचा पाहुणा उपाशी गेल्यासारखा झाला. त्यानं काळी खिडकी उघडली. यंत्राची ताकद कोण किती खातंय ते तिथे आकड्यांत दिसतं. वरच्याच ओळीत नकाशाचा प्रोग्रॅम, आणि सगळी ताकद त्याच्या घशात.

"यंत्राचा दोष नाही. दाजी, या नकाशात भरलंय काय?"

"पाइप."

"किती?"

"आहेत तेवढे."

मेहुण्यानं एका कोऱ्या जागेवर क्लिक केलं. ती जागा निवडली गेली. कोरी जागा निवडली जात नसते. त्यानं ती बाजूला सरकवली, आणि खालून एक जुना पाइप निघाला.

"हे काय?"

"बंद झालेली लाइन. पुसलीय मी ती."

"पुसली कुठे? वर पांढरं ठिगळ लावलंय!"

"मग पुसायचं कसं असतं?" काका खरोखरच चक्रावले.

त्यांच्या वस्तादानं त्यांना शाईवर शिकवलं होतं. शाई खोडता येत नाही. लाइन बंद झाली की तिच्यावर पांढरा रंग द्यायचा, सुकला की नवी लाइन वरून काढायची. कागद गेले, कॉम्प्युटर आला, काकांनी रंगाचा डबा तेवढा बदलला. बंद पाइपवर पांढरा चौकोन, त्यावर नवा पाइप, तो बंद झाला की पुन्हा चौकोन. डोळ्यांना सगळं स्वच्छ. यंत्र बिचारं दर वेळी खालपासून सगळं काढून, झाकून, पुन्हा काढत होतं. मेहुण्यानं मोजायला लावलं. साडेसहा हजार ठिगळं निघाली.

"एका फटक्यात उडवतो. खालचे मेलेले पाइपही."

"पाइप नाही," काका म्हणाले. आवाज चढला नाही, पण मेहुण्याचा हात थांबला. "ते अजून जमिनीत आहेत. उद्या कुणी तिथे खणलं आणि कुदळ लोखंडावर आपटली, तर हे काय म्हणून विचारायला माझ्याकडेच येतात."

मेहुण्यानं फक्त ठिगळं उडवली. पडद्यावर सगळं शहर एकदम शिरांनी भरून गेलं. वस्तादानं काढलेल्या आणि काकांनी उतरवून घेतलेल्या लाइनी, काकांच्या पहिल्या वर्षाची जरा थरथरलेली लाइन, एकावर एक. काका खुर्ची पुढे ओढून बघू लागले. "एवढं काम झालं होय माझ्या हातून," असं काहीसं पुटपुटले. त्यात अभिमान कमी होता, दमणूक जास्त.

रविवार त्यात गेला. मेलेले पाइप निवडून वेगळ्या फाइलमध्ये न्यायचे. कुठला जिवंत, कुठला मेलेला, हे मेहुण्याला कळायचा प्रश्नच नव्हता. तो शेजारी बसून मान डोलवत होता आणि दुपारनंतर बसल्या बसल्या घोरत होता. काकांची कंबर धरली, डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला शेवटची लाइन हलली. नकाशा बंद करून पुन्हा उघडला. एकोणचाळीस सेकंद. मेहुणा टाळ्या वाजवायला उठला तोवर काका तिथेच खुर्चीत झोपले होते.

सोमवारी कॉम्प्युटर चादरीतूनच परत ऑफिसात पोचला आणि अकराला मॅडम आल्या. हातात मोबाइल, त्यावर घड्याळ. विभागातले दोघे कारकून उगाच कागद चाळत उभे. काकांनी नकाशा उघडला. चाळीस सेकंद.

मॅडमनी घड्याळ थांबवलं आणि पहिल्यांदाच हसल्या. विभाग इथेच राहील म्हणाल्या. कारकुनांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काका आभार मानायला उठतच होते.

"आणि काका," मॅडम दारातून वळल्या, "आता एवढा वेग आलाय, तर सगळ्या नव्या वसाहतींचे नकाशेही महिनाअखेरपर्यंत होऊन जातील, नाही का?"

काका पुन्हा खाली बसले.

"वेग आलाय तो मशीनला, मॅडम. पुढे बसणारा माणूस जुनाच आहे."